दरडीतली तपकिरी पाखरीण

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. तेव्हा चार ओळीही लिहिणे मला जमले नाही. आज लिहिते आहे, कारण आज माझी चूक माझ्याच हस्ताक्षरात माझ्यापुढे धरली गेली. ती तुमच्याखेरीज कोणाजवळ बोलू?

गावातली झाडे-पाखरे टिपायची ती जैवविविधता नोंदवही आठवते ना? अक्षर नेटके आणि शाळेत पहिली आलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आले. गुरे चारण्यात जन्म गेलेले तुम्ही गेल्या उन्हाळ्यात मला रोज धबधब्याच्या पायवाटेने नेत होतात.

तिथल्या दाट झाडीत तुम्ही मला तो गाणारा पक्षी दाखवलात. चिमणीएवढा, गडद निळा, पोट पांढरे. मी पुस्तकात पाहून लिहिले: 'निळा माशीमार, डोंगरातल्या जंगलातच राहणारा.' मग वाटेकडेच्या दरडीतले शेवाळाचे घरटे दाखवलेत. आत तपकिरी पाखरीण बसली होती.

"ही त्येची बायकू हाय, पोरी."

"पुस्तकातल्या चित्रात अशी नाही, आबा."

"मग तुज्या पुस्तकाचं लगीन व्हायचंय अजून!"

मी हसलेसुद्धा नाही! लिहिले: 'तपकिरी पक्षी, सर्वत्र आढळणारा.' आणि 'माहिती देणारे' या रकान्यात तुमच्याऐवजी पुस्तकाचे नाव.

तुम्ही एवढेच म्हणालात, "लिही बाय, तू पैली आलेली." का गप्प बसलात, आबा? चुकार वासराला सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडणारे तुम्ही, मला एकदाही का ओरडला नाहीत?

काल त्या दरडीसमोरच्या दगडावर बसले, पुस्तकाविना. थोड्याच वेळात निळा आला. चोचीत अळी होती. ती त्याने दरडीतल्या यंदाच्या घरट्यात बसलेल्या तपकिरीला भरवली. किती सोपे होते ते! मला मान वर करून पाहायचे तेवढे होते.

आणि आज कळले की पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाट रुंद करायची आहे, दरड कापायची आहे. धावत पंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी नोंदवही उघडून माझ्याच ओळीवर बोट ठेवले.

"ताई, तुमीच लिवलंय की! सर्वत्र आढळणारा. मग घालंल की दुसरीकडं अंडी."

बाकावरची माणसे हसली. आणि मी काय म्हणाले, ठाऊक आहे? "बरोबर आहे." आणि बाहेर आले! प्रत्येक परीक्षेत पुरवणी मागणाऱ्या मला दोन वाक्ये बोलता येऊ नयेत? परतताना सगळा घाट मी स्वतःला बोल लावत चढले. थोडे तुम्हालाही लावले. रागावू नका.

उद्या ग्रामसभा आहे. मी उभी राहीन, आबा. आवाज चिरकला तरी चालेल. पिल्ले उडून जाईपर्यंत त्या दरडीला यंत्र लागू नये, असे मागेन, आणि कोणी ती ओळ वाचून दाखवली तर ती माझी चूक आहे, असे सर्वांदेखत सांगेन. मग तिथेच, सगळ्यांसमोर, पुस्तकाचे नाव खोडून त्या रकान्यात तुमचे लिहीन. खाडाखोड झालेले पान मी आजवर कोणाला दाखवलेले नाही. हे दाखवीन.

तुमची पहिली आलेली,
अश्विनी