माझ्या वाटणीचा अर्धा तास

आबा, आज दुपारी हे गोळ्या घेऊन झोपलेत, म्हणून लिहायला बसले. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया कशाला घालवायची? तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही सांगितलं नाही, मागितलंही नाही. पितरपाटात पान वाढलं, हात जोडले, झालं. पण आता जे साचलंय ते जिवंत माणसाला सांगण्यासारखं नाही, आणि देवाला सांगावं तर खोटं त्याच्याच नावावर बोललेय. राहिलात तुम्ही.

तुम्ही खंडाळ्याच्या घाटात चावीवाले होतात. सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचं, रुळाकडे बघत बघत चालायचं, कुठं चावी सैल दिसली की ठोकून घट्ट करायची, आणि हद्द संपली की दुसऱ्या रुळावर नजर ठेवून मागं यायचं. मी पाचवी-सहावीत असेन. आईनं डबा देऊन पाठवलंय, आणि मी खडीवरून उड्या मारत तुमच्या पुढं पळतेय. तुम्ही मागून ओरडता, "ए, गाडी काय तुजी वाट बघत थांबायची न्हाई! हो बाजूला, आन माज्या मागं मागं चाल." मला रडू आलं. मग सावलीला बसून तुम्ही डबा उघडलात, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "रडून भाकर खारट करू नगंस." जेवण झाल्यावर उकिडवे बसलेले तुम्ही हात न टेकता सरळ उभे राहिलात. ते उठणं माझ्या डोळ्यांत राहिलंय. दिवसाला किती कोस चालत होतात कोण जाणे, पण तुम्हाला मी कधी दमलेलं बघितलं नाही.

मग तुम्ही रिटायर होऊन परंदवडीला आलात आणि आम्ही सगळ्यांनी एकच धोशा लावला, आता बसून खा. मी नुकती लग्न होऊन तळेगावात आलेली, रविवारी भेटायला यायची. एकदा तुम्ही हापशावरून दोन बादल्या भरून आणत होतात. मी धावत येऊन हातातल्या काढून घेतल्या. "आबा, बसा हो. लोक म्हणतील, पोरं असून म्हाताऱ्याला पाणी भरायला लावतात." तुम्ही म्हणालात, "मला काय धाड भरलीया?" पण सोडल्यात. आईनं कुऱ्हाड उचलून ठेवली, दादानं सायकल विकली. पहिल्या वर्षी तुम्ही ओट्यावर बसून रस्ता बघायचात. दुसऱ्या वर्षी खाटेवरून उठवायला दोन्ही हात धरावे लागायचे, आणि धोतरातून वाळलेली मांडी दिसली की मी मान फिरवायची. साठी नुकती उलटली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्हीही तेच म्हणालो. तुमची सेवा केली असंच आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं.

हे सगळं आता का वर आलं, ते सांगते. यांना मागच्या वर्षी झटका आला. तुमचे जावई आयुष्यभर कंपनीत मशीनवर उभे राहिलेले, सर्दीची गोळीसुद्धा न घेणारे. दोन स्टेंट घातले. घरी आले ते वेगळेच होऊन आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले तरी आतून हाक, "कुठं चाललीस?" दळण आणायला जाऊन दहा मिनिटं झाली की फोन. त्यांना भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. पण दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्याची भीती सांभाळत दिवस काढणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्याच सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणीचं शिबिर झालं, फुकट होतं म्हणून मी गेले. माझी साखर वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, रोज सलग अर्धा तास चालायचं. मध्ये थांबायचं नाही." मी म्हटलं, "अहो, घरातलं सगळं मीच करते की." त्या म्हणाल्या, "घरात तुम्ही दोन पावलं चालता आणि थांबता. मला थोडा दम लागेल असं चालणं पाहिजे. आणि साखरवाल्यांनी अनवाणी अजिबात चालायचं नाही." घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "झाडणं-पुसणं होतंच की रोज. त्या पायजमे घालून हात हलवत फिरणाऱ्या बायकांत तू जाणार? आणि मागं मला काही झालं तर?" दहा दिवस मी तो विषय काढला नाही.

अकराव्या दिवशी गुरुवार होता. मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले, "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी बोलले होते. सोसायटीमागच्या दत्ताच्या देवळात औदुंबराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा, वर्षभर. तुमच्या प्रकृतीसाठी." आबा, मी असं काहीही बोलले नव्हते. दवाखान्यात मी नुसती बाकावर बसले होते, देवाचं नाव घ्यायलाही सुचलं नव्हतं. हे म्हणाले, "बोललीस तर फेडायलाच पाहिजे. जा." आणि मी गेले.

पाराभोवती एक फेरी तीसेक पावलांची. एकशे आठ फेऱ्यांना अर्धा तास लागतो, ते मी आधीच मोजून आले होते. प्रदक्षिणा अनवाणी घालायची आणि साखरवाल्यांनी अनवाणी चालायचं नाही, म्हणून मी यांचे जुने जाड मोजे चढवले. देवळात येणारी खालच्या मजल्यावरची वहिनी रोज विचारायची, "काय काकू, आज किती किलो पुण्य झालं?" मी हसायची, थांबायची मात्र नाही. तीन महिन्यांत गुडघ्याची कुरकुर कमी झाली. लिफ्ट बंद असली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशवी घेऊन न थांबता चढायला लागले. झोप लागू लागली. साखर उतरली. पण खरं सांगू? त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नव्हतं. तोंडात नाम असायचं, ते खरंच असायचं, त्यात खोट नव्हती. आणि पाय माझे मला चालवत असायचे. लग्नानंतर एवढा वेळ मला कधी मिळाला नव्हता.

गोम पुढं आहे. यांनाही दवाखान्यानं व्यायाम दिला होता. सकाळी वीस मिनिटं चालायचं, खुर्चीतून उठाबशा काढायच्या, हात वर-खाली करायचे. चित्रांचा कागद दिला होता, तो फ्रिजवर लावला. पहिले काही दिवस केलं. मग माझा नवस सुरू झाला आणि यांनी सोडून दिलं. मी आठवण केली की म्हणायचे, "तू फिरतेस ना माझ्यासाठी? मग झालं की. एका घरात दोघांनी कशाला फिरायचं?" आधी वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. बायकोचं व्रत नवऱ्याच्या कामी येतं, हे त्यांनी आईच्या मांडीवर ऐकलेलं. मीच त्यांच्या नावानं संकल्प सांगितलेला. मी जितकी नेमानं जात होते तितके ते निर्धास्त बसत होते. आणि एक दिवस ते सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकून, तोंडानं "हं, हं" करत उठले, आणि मला परंदवडीची खाट दिसली. खरं सांगावं तर माझा अर्धा तास जाईल. न सांगावं तर माणूस बसून बसून जाईल. त्या दिवसापासून मी फेऱ्या घालताना नाम विसरून हेच घोकत होते.

सहा महिन्यांनी दवाखान्यात पुन्हा चालण्याची परीक्षा होती; पहिली व्यायाम दिला तेव्हाच झाली होती. लांब व्हरांडा, दोन टोकांना रस्त्यावर ठेवतात तशा दोन लाल टोप्या ठेवलेल्या, सहा मिनिटांत जितक्या फेऱ्या होतील तितक्या. व्यायाम घेणारी मुलगी घड्याळ घेऊन उभी. पहिल्या वेळेपेक्षा यांच्या दोन फेऱ्या कमी भरल्या, आणि शेवटची भिंतीला धरून. ती म्हणाली, "काका, रोज चालता ना?" हे म्हणाले, "आमच्या घरात चालायचं खातं हिच्याकडे आहे." ती हसली. यांनी नवसाचं सगळं सांगितल्यावर मात्र हसली नाही. खाली वाकून म्हणाली, "काका, काकू जेवल्या तर तुमचं पोट भरतं का? पाय वापरले नाहीत तर शरीर पायातलं बळ काढून घेतं. मग हृदयालाच ओझं. औषध त्याला पुरं पडत नाही." मी शेजारच्या खुर्चीवर होते. ती यांना सांगत होती आणि मला तुमच्या हातातल्या बादल्या दिसत होत्या.

येताना रिक्षात हे बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तू एवढं फिरलीस, ते सगळं फुकट?" आवाज असा की जन्मभराचा देव कुणीतरी उचलून नेलाय. तेव्हा सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, फुकट नाही हो, मला फायदा झाला, मी माझ्यासाठीच जात होते. जिभेवर आलं होतं. पण मी म्हणाले, "फुकट कसं? उरलेले सहा महिने जोडप्यानं घालायच्या असतात. तेव्हाच फळ मिळतं. तुमची तब्येत बघून मी सांगितलं नव्हतं."

"कुणी सांगितलं?"

"देवळातल्या गुरुजींनी."

मग दुसऱ्या दिवशी पहाटे आधी गुरुजींना गाठावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेंडीला गाठ मारली आणि म्हणाले, "ताई, असं शास्त्रात कुठं नाही. पण असं करू नये, असंही कुठं नाही. आणा त्यांना."

आणलं. पहिल्या दिवशी पाच फेऱ्यांत पारावर बसले. पंधरवड्यात वीस झाल्या. आता साठ होतात, मध्ये दोनदा टेकून; यांच्या साठ झाल्या की माझ्याही तेवढ्याच. परवाच्या परीक्षेत पहिल्या वेळेपेक्षाही चार फेऱ्या जास्त भरल्या. त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणि हे घरी येऊन मला म्हणाले, "बघ, आता हात न टेकता उठतो," आणि उठून दाखवलं. आबा, मला आत जाऊन रडावं लागलं. तुम्हाला मी बसवलं होतं, यांना उठवलं. एवढं तरी माझ्या हातून झालं.

पण हे नेमाला पक्के. जोडीनं फिरायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कपाटातून लग्नातलं उपरणं काढलं होतं. म्हणाले, "जोडप्यानं म्हणजे गाठ पाहिजे. अर्धवट नको." तेव्हापासून त्यांच्या उपरण्याला माझा पदर बांधून आम्ही फिरतो. ते पुढं, मी मागं, त्यांच्या चालीनं. मी भरभर निघाले की पदर ताणला जातो आणि हे म्हणतात, "सावकाश गं, देव पळून चाललाय का?" सगळा वेळ बोलणं सुरू असतं, पेन्शन, लिफ्ट, कंपनीतला जुना साहेब. ते टेकले की मलाही टेकावं लागतं. वहिनी म्हणते, "काकू, लग्न परत लागलं वाटतं!" बायका हसतात, मीही हसते. गेल्या आठवड्यात माझी साखर पुन्हा चढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चालणं बंद केलंत का?" मी म्हटलं, "नाही हो, रोज जाते." हेही खरंच होतं. दुसऱ्या कुठल्या वेळी एकटी निघावं तर विचारतील, सकाळी झालं की, आता कशाला?

पुढच्या महिन्यात वर्ष भरतं. मी दिवस मोजत होते. काल हे जेवताना म्हणाले, "उद्यापन करू, पण सोडायचं नाही. दोघांनी मिळून दुसरं वर्ष धरू. मला बरं वाटतंय." भात चिवडत ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "धरू की."

आज सकाळी चाळिसाव्या फेरीला हे पारावर टेकले आणि गाठ सुटली. मी थांबले नाही. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच, मोज्यातले पाय सपासप पडत होते, घाम आला होता, छाती भरून येत होती. सातव्या फेरीला यांनी हाक मारली, "अगं, गाठ सुटलीय! कुठं चाललीस?" मी परत आले. यांनी स्वतःच्या हातानं पदर घेतला, दोन वेढे दिले आणि ओढून घट्ट केला. म्हणाले, "आता नाही सुटायची." मी म्हणाले, "बरं झालं."

हे आता उठतील, चहा ठेवायला हवा. ही पानं मी वहीतून फाडून टाकीन. तुम्हाला तेवढं सांगते: सकाळची ती गाठ मीच मुद्दाम सैल मारली होती.