झेंडूतून गेलेली निळी रेघ

१२ सप्टें.
सकाळी सकाळी अकोल्याची पांढरी गाडी झेंडूत. चाक थेट ओळीवर, कळ्या चिखलात. म्हटलं, काहून रे बाप्पा, शेत दिसत नाई का? "मावशी, फोन इकडूनच दाखोते." फोनातली बाई सांगूनच राहिली, सरळ पुढे जा. म्हटलं, तिले सांग, सरळ गेला त विहिरीत पडशीन.
माह्या दादाच्या शेतावर चालले होते. त्याचं शेत आमच्या मागं. त्याचे दोस्त, म्हणून जास्त बोलली नाई. चहा पाजला.

१५ सप्टें.
आज दोन फटफट्या. तेच. यांनी आपल्या फोनात पाह्यलं त खरंच, आमच्या निंबापासून विहिरीवरून निळी रेघ थेट दादाच्या शेतात. फोनच्या हिशोबानं आमच्या शेतात रस्ता हाय! हे म्हणे, "कोनीतरी टाकला असन. कोनालेबी टाकता येते." कोन टाकीन? लोकाईले कामधंदे नाईत का?
दादाले फोन केला. त्याले समजते फोनातलं. "कंपनीची चूक असन मंगल, मी तक्रार टाकतो." जीव भांड्यात पडला.

२१ सप्टें.
दादा आला अकोल्याहून. ठेचा-भाकर पोटभर खाल्ली. नेहमीसारखी आमच्या बांधावरूनच गाडी नेली. घरचा मानूस, त्याले कोन अडोते? त्याचा खरा रस्ता नाल्याकडून, पांदणीनं. वाटणीत तसंच ठरलं, त्यानंच ठरोलं. सारे म्हणत होते, बहिणीची सही घे न् मोकळा हो. यानं हिस्सा देल्ला, तोबी रोडकडचा. सासरी माही मान वर हाय ते दादामुळं.
तक्रारीचं इचारलं. टाकली म्हणे.

२९ सप्टें.
दसऱ्याच्या फुलाईसाठी अकोल्याचे फुलवाले काका पहिल्यांदा शेतावर आले. बिनचूक. म्हटलं, सापडलं कसं? "फोटो हाय ना तुमचा फोनात, बाई."
दाखोला. मीच. हिरवं लुगडं, बांधावर उभी, मागं दादाची गाडी, दात काढून हासून राहिली. अखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, दादानं काढला होता. "मंगल, हास ना जराशी, तुह्या वहिनीले दाखोतो." खाली लिहेल, 'रस्ता चांगला, गाडी थेट जाते.' टाकनाऱ्याचं नाव दादाचं.
फुलं मोजता मोजता चुकली दोनदा. काका म्हणे, बरं नाई का?

२ ऑक्टो. दसरा
लोकं सोनं वाटून राहिले न् मी फोनवर भांडून राहिली.
"अव, तू जाऊ देते म्हणून टाकला. त्यात काय?"
म्हटलं, जाऊ देनं वेगळं न् रस्ता असनं वेगळं, हे तुले समजत नाई का?
मंग खरं बाहेर आलं. मागच्या शेताचे प्लॉट पाडून राहिला. फार्महाऊसवाले येतात. रस्ता नाई त प्लॉट कोन घेते? तहसीलीत अर्जबी देऊन ठेवला, इकडून पहिल्यापासूनची वहिवाट हाय म्हणून. संगं फोटो जोडला.
"तूच त हासून राहिली त्या फोटोत."
केसानं गळा कापला माह्या दादानं. रस्ता झाला त विहीर एकीकडं, झेंडू एकीकडं. पाणी काय हवेतून नेऊ? आन तोंडावर म्हणते, तक्रार टाकली!

९ ऑक्टो.
बांधावर बाभळीचे काटे लावले. फोनाले काटे कोठी दिसतात? गाड्या येतातच. हॉर्न मारतात, शिव्या देतात, मीबी देते.
यांनी फोनातून कळोलं, इथं रस्ता नाई. कंपनीचं उत्तर आलं, बदल मान्य नाई. शेत माहं, न् मान्य करनारे हे कोन?
हे म्हणे, "जाऊ दे ना. माहेर तुटन." लय बोलली त्याईले. नाई बोलाले पाहिजे होतं.

१७ ऑक्टो.
तहसीलची नोटीस. दिवाळीनंतर तारीख. फराळाचं सामान आनलं, पन करंज्या नाई केल्या. दादाले लागतात, म्हणूनच त करते दरसाल.

२३ ऑक्टो. भाऊबीज
ओवाळाचं नाई, असं रात्री ठरोलं. सकाळी तबक काढलंच.
दुपारी काट्यापलीकडं हॉर्न. दादाची गाडी. एकटाच. काच खाली. फोनातली बाई बोलली, तुम्ही पोचलात. त्यानं घाईघाईनं तिचं तोंड बंद केलं. बाजूच्या सीटवर मिठाई, साडीची पिशवी.
"मंगल, काटे काढ. ओवाळत नाई का भावाले?"
म्हटलं, ओवाळते. नाल्याकडून ये. तुह्या वाटनं.
"लय फेरा पडते अव. चिखल हाय तिकडं."
म्हटलं, मी थांबते.
त्यानं काट्याकडं पाह्यलं. केस पिकले त्याचे, बाबांसारखे. मंग गाडी मागं घेतली. रोडवर जाऊन अकोल्याकडं वळला का नाल्याकडं, दिसलं नाई. झेंडू लय वाढला यंदा.
हे म्हणे, चाल, जेवून घे. म्हटलं, तुमी घ्या.
निरांजनात दुसऱ्यांदा तेल घातलं.