अठरा गोऱ्हे आणि फिन्टनची घाई

प्रिय ब्रोना,

तुझं पत्र पोचलं, बाळाचा फोटोही. कान आपल्या घराण्याचे आहेत, बाकी सगळं तुमच्या तिकडचं, कॅल्गरीचं. इथे कॅव्हनमध्ये ऑक्टोबर संपत आला, रानात बूट रुततात, म्हणून गुरं दरवर्षीपेक्षा आठवडाभर आधीच गोठ्यात घेतली. पण आज लिहायचंय ते फिन्टनबद्दल, आणि जरा सविस्तर.

तुला माहीत आहे, दर ऑक्टोबरात आपण गोऱ्हे विकून मोकळे होतो. त्यांच्या अंगावर मांस चढवून खाटीकखान्याला पाठवायचं काम मीथकडचे कोरड्या रानांचे शेतकरी करतात, आणि पाठ थोपटली जाते तीही त्यांचीच. यंदा मी ठरवलं, हे अठराजण कुठेही जाणार नाहीत. मुरघास भरपूर झालाय. सकाळ-संध्याकाळ खुराक दिला तर मार्चपर्यंत पाठी भरतील, आणि आयुष्यात एकदा तरी मी वाढवलेलं जनावर मीच पुरं तयार करून पाठवीन. हे मी फक्त फिन्टनला बोललो, कुंपणाशी उभा राहून. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, वर गुरांचा दलाल. त्याला नाही सांगायचं तर कुणाला? तो म्हणाला, "विकून टाक, युनन. याच महिन्यात." का, म्हणून विचारलं तर म्हणे बाजार चांगला आहे. दलाल विकणाऱ्याला बाजार चांगला आहे असं सांगतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग बाकीचे सुरू झाले. गुरांचे डॉक्टर क्षयाची तपासणी करायला आले, जाताना हात धुता धुता म्हणाले की हिवाळ्यात कशाला हा व्याप, काढून टाका सगळे. दोन दिवसांनी टपाल आणणारी बाई तेच बोलली. तिने आजवर मांजरसुद्धा पाळलेलं नाही. माझी खात्री पटली की मीथचा कुणी बडा शेतकरी फिन्टनच्या मागे आहे आणि फिन्टनने माझे गोऱ्हे आधीच त्याला कबूल केलेत. मी खिडकीतून लक्ष ठेवू लागलो. सकाळी त्याची जीप आपल्या फाटकाशी थांबायची, तो गोठ्याकडे बघत बसायचा आणि निघून जायचा. एके दिवशी तर आतच सापडला. खुराकाची बादली हातात, गव्हाणी अर्ध्या भरलेल्या. काय खायला घालतोय कोण जाणे, असंही मनात येऊन गेलं. मी म्हटलं, माझ्या गोठ्यात माझ्याशिवाय कुणी नको. त्याने बादली खाली ठेवली आणि निघून गेला. निर्दोष माणूस भांडला असता, असं मला वाटलं.

त्याला पकडायचं म्हणून मी सहा गोऱ्हे बाजारात नेले. स्वस्तात लाटायचे असतील तर तो कुणाच्या तरी मार्फत बोली लावेलच ना. तो मागे भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात खिशात. मान हलवली नाही, कुणाला डोळा घातला नाही. बोली इतरांनी लावली, आणि चांगली लावली. मी विकले नाहीत, परत घेऊन आलो. येताना मी जास्तच चिडलो होतो. संशयाला पाय ठेवायला जागा उरली नाही की माणूस असाच चिडतो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डिंपना सोडा ब्रेड घेऊन आली. मी तो आधी हुंगून पाहिला. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "युनन, ब्रोना दर शनिवारी फिन्टनला फोन करते. मार्चपासून."

मार्चमध्ये मी तुला फ्लू झालाय म्हणून सांगितलं होतं. फ्लू नव्हता. नुकत्याच व्यालेल्या तांबड्या गाईने मला भिंतीशी दाबलं, दोन बरगड्या गेल्या. फिन्टनने उचलून हॉस्पिटलात नेलं. तुला कळू द्यायचं नाही अशी मी त्याला शपथ घातली होती, ती त्याने नऊ दिवस पाळली. म्हणजे मार्चपासून तू मला हवापाणी विचारतेस, मी हवापाणी सांगतो, आणि दोघंही खोटं बोलतो. 'विकून टाक'च्या मागे तूच होतीस, डॉक्टर आणि टपालवाली फिन्टनने पढवलेले, आणि ती बादलीही मला गुरांत शिरावं लागू नये म्हणून. मला तुझा राग आला, आणि तो मी तुझ्यावर न काढता आणखी चार दिवस गोऱ्ह्यांना एकट्यानेच खुराक घातला.

अक्षर माझं नाही, हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. मंगळवारी सकाळी एका गोऱ्ह्याने फाटकाला धडक दिली आणि फाटक माझ्या हातावर आलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. हे सगळं डिंपना आपल्या टेबलाशी बसून लिहितेय. नवऱ्याबद्दल मी जे जे बोललो ते तिने शब्दही न बदलता उतरवलं, फक्त ब्रेड हुंगल्याचं आलं तेव्हा पेन खाली ठेवलं होतं. या वेळीही मला उचललं फिन्टननेच. बजावलं होतं ना, असं एकदाही म्हणाला नाही. जीपमध्ये एवढंच विचारलं, "या वेळी तिला कोण सांगणार? तू की मी?" मी म्हटलं, मी. म्हणून हे पत्र. अठराही गोऱ्हे शुक्रवारी बाजारात जातील. नेणार फिन्टन, पण वजनकाट्यापाशी मी उभा असेन. शनिवारचा फोन आता इकडे करत जा. सही तेवढी माझी आहे, डाव्या हाताची.

तुझाच,
बाबा