पिवळ्या रेषेमागचा आवाज

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा कानांचा दवाखाना बरा चालला असेल आणि भावजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. गेले अकरा दिवस मी तोंड उघडायचंच टाळतो आहे. घरात हिच्याशीसुद्धा चिठ्ठ्यांवर बोलतो. (ती म्हणते, संसारात एवढी शांतता पहिल्यांदाच लाभली.)

झालं असं. एकोणीस वर्षं स्टेशनवरच्या सगळ्या घोषणा माझ्या आवाजात आहेत, हे तुला माहीतच आहे. माझं तोंड कोणी ओळखत नाही, पण आवाज सगळ्या शहराला पाठ. आता इथे एक मुलगी आहे, गिटार घेऊन गाणी म्हणते. इथलं वर्तमानपत्र बंद पाडलं आणि त्यात लिहिणाऱ्या मास्तरांना घरातून उचलून नेलं, तेव्हा तिनं एक गाणं केलं. त्यात प्रश्न ती विचारते आणि उत्तरं मी देतो. म्हणजे तिनं माझ्या घोषणांचे तुकडे कापून मध्ये बसवले आहेत. ती विचारते, आमचा पेपर का बंद केला? मी म्हणतो, 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' ती विचारते, मास्तर कुठे आहेत? मी म्हणतो, 'कृपया पुढील सूचनेची वाट पाहा.' ती विचारते, मग आम्ही बोलायचं तरी कधी? त्यावर मी, अगदी मायेनं, 'कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा.'

ताई, दोन दिवसांत हे गाणं रिक्षात, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, सगळीकडे वाजायला लागलं. मी वाण्याकडे जाऊन अर्धा किलो साखर मागितली, तर रांगेतली सगळी माणसं हसत एकेक पाऊल मागे सरकली. वाण्यानं मात्र हसू आवरून दाराबाहेर पाहिलं. तिथे करड्या शर्टातला एक माणूस पेपर वाचत उभा होता. पेपर तर बंद झाला आहे, मग हा वाचत काय होता? मी तसाच मागे वळलो. साखर तिथेच राहिली. तेव्हापासून तो माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो. (ही म्हणते, तो समोरच्या घराचा रंगारी आहे. असेलही. पण हातात ब्रश मी अजून पाहिलेला नाही.)

आणि गुरुवारी बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी बंद. साहेब फार सभ्य होते आणि त्यामुळेच मला जास्त घाम फुटला. त्यांनी टाइप केलेला अर्ज पुढे सरकवला. माझा आवाज वाईट हेतूनं चोरला आहे, तरी संबंधितांवर कडक कारवाई व्हावी, असं त्यात मीच लिहिलं होतं. "एवढी सही करा आणि चहा घ्या," साहेब म्हणाले. सही झाल्यावर त्या मुलीचं काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही. फक्त माझ्यासमोरच फोन उचलून गाडी खाली तयार ठेवायला सांगितली.

मी पेन घेतलं. हात असा थरथरायला लागला की सहीच्या जागी पावसात भिजलेल्या मुंगीनं वाट काढावी तसं काहीतरी उमटलं. साहेबांनी ती कार्यालयातल्या नमुन्याशी ताडून पाहिली. जुळेना. दुसरा कागद, तीच गत. तिसरा कागद, त्याला भोकच पडलं. शेवटी ते म्हणाले, "घाबरताय कशाला? तुम्ही तर आमच्या बाजूचे."

त्यावर माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

खोलीत कोणी हसलं नाही. दारातला शिपाई तेवढा खोकत बाहेर गेला. सोमवारी हात सरळ करून या, असं मला सांगण्यात आलं आहे. तेव्हा, माझ्या उजव्या हाताला जुना कंप आहे, असा एक दाखला तुझ्या शिक्क्यानिशी पाठव. तू कानांची डॉक्टर आहेस हे मला कळतं, पण शिक्क्यावरचं अक्षर बारीक असतं, कोण वाचतो.

तुझा,
धाकटा

ता. क. अक्षर बघून तुझ्या लक्षात आलंच असेल. हाताला काहीही झालेलं नाही. पहिल्या कागदावर तो खरोखर थरथरला. पुढच्या दोन कागदांवर मला बरेच कष्ट घ्यावे लागले. हे हिलाही सांगितलेलं नाही. पत्र टपालानं नाही, विश्वासातल्या माणसाच्या हाती पाठवतो आहे; वाचून फाडून टाक.

ता. ता. क. काल ती मुलगी आली होती, मागच्या दारानं. वयानं तुझ्या धाकटीएवढी. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली होती, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली. न विचारता आवाज घेतला म्हणून आधी माफी मागितली. मग म्हणाली, "काका, गाण्याचं शेवटचं कडवं अडलंय. तुमच्या सगळ्या घोषणा ऐकल्या, त्यात 'नाही' हा शब्दच सापडत नाही." खरं आहे. आम्हाला तशी सूचनाच आहे. गाडी येणार नसली तरी ती 'विलंबाने धावत आहे' असंच म्हणायचं. तेवढा एक शब्द म्हणून द्याल का, असं तिनं विचारलं आणि मी घाबरून 'हो' म्हटलं. तुझ्या दवाखान्यात कान तपासायची ती बंद खोली आहे ना, बाहेरचा आवाज आत न येणारी आणि आतला बाहेर न जाणारी? रविवारी दुपारी तिची किल्ली हवी होती. दाखला नाही मिळाला तरी चालेल.