खोट्या विटाळाचे दिवस

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण अमरावतीच्या बाजारात पानांची डालगी दिसली की अजूनही माझा हात डोक्यावरच्या पदराकडं जातो. सासू म्हणून तुमचा धाकच तसा होता. तेल्हाऱ्याकडचा आपला पानमळा म्हणजे तुमचं देवघर. आत चपला नाहीत, आणि बाईला कावळा शिवला की चार दिवस तिनं तिकडं फिरकायचं नाही, एकटीनं पडवीत निजायचं, कुणाला शिवायचं नाही. साऱ्या बायका त्या दिवसांना कंटाळायच्या. मी मात्र त्यांची वाट पाहायची. मी विशी ओलांडलेली, एका लेकराची आई. तुमचे चिरंजीव वाईट नव्हते. अकोल्याला पानं पोचवून आले की माझ्यासाठी बांगड्या आणायचे. पण दिवा मालवल्यावर मला काही विचारायची त्यांना गरज वाटत नसे, आणि मी आढ्याकडं बघत सगळं उरकायची वाट पाहायची. म्हणून मी चाराचे सहा दिवस केले, मग महिन्यातून दोनदा बाहेर बसू लागले.

एका दुपारी तुम्ही सरळ येऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसलात. मी दचकून सरकले. "तुले काई कावळा-बिवळा शिवला नाई," तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात. "खोटं काहून बोलून राह्यली?" विटाळाचं सोंग म्हणजे कायमचं माहेरी धाडण्याजोगा गुन्हा, आणि लेकरू तुमच्याकडंच राहिलं असतं.

"मारते का तो तुले?"

"नाई जी."

"मंग?"

मी रडत कसंबसं सांगितलं, की मला त्यातलं काही आवडत नाही, अंगाचं लाकूड होतं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही हसलात. "अवं पोरी, बाईलेबी त्याची गोडी असते. त्यात पाप नाई. नको असंन तं नको म्हन. पायजे असंन, जसं पायजे असंन, तेबी सांग. त्याले काय सपन पडनार हाय?"

"तुमाले हे कोनं सांगितलं?"

"कोनं नाई. माह्यं मलेच समजलं, पर लय उशिरा."

त्या दिवसापासून तुम्ही मला तुमच्याजवळ निजवलं. चिरंजीव कुरकुरले, तर म्हणालात, "ती म्हनंन तवा." महिना-दीड महिन्यानं मी आपणहून माझं अंथरूण पुन्हा त्यांच्याकडं हलवलं. काय हवं, काय नको ते बोलताना जीभ अडखळली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसतेच गोंधळले. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. हळूहळू शिकले.

पुढं मळ्यात पानं खुडताना तुम्ही विचारलंत, "आता कसं हाय?" मी मान खाली घालून म्हणाले, "ठीक हाय." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. आता मी तुमच्याहून म्हातारी झालेय, हेही गेले, हा कागद तुमच्यापर्यंत पोचवणारी कुठली टपालपेटी नाही, मग लाजू कुणाला? नुसतं ठीक नव्हतं, आत्याबाई. फार सुख होतं, आणि ते मी माझ्या तोंडानं मागून घेतलं होतं.