एक घर चाललेलं प्यादं

रिठद, १९३९

भगवंतराव भाऊजी यांस,

त्या सकाळी मी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पोस्टमननं तुमचं कार्ड दिलं. त्यात टपालानं चालणाऱ्या बुद्धिबळाच्या नव्या डावाची तुमची पहिली चाल होती, राजापुढचं प्यादं दोन घरं. मंगरूळपीरला तुम्हाला काही कळलेलं नव्हतं. मी ह्यांचा पट मांडला आणि उत्तरात आपलं राजापुढचं प्यादं एक घर चालवलं. माझ्या माहेरी प्यादं एकच घर चालतं. मला तेवढंच येत होतं. कार्डावर नाव घातलं नाही.

आठ दिवसांनी तुमचं उत्तर आलं. "गुलाबराव, एकच घर चालले! भेले काय? का नवीन पुस्तक वाचून राह्यले? आमाले बी शिकवा."

तेव्हाच खरं कळवायचं होतं. पण कळवलं की कार्डं थांबणार, आणि ह्यांना नावानं हाक मारणारं आता दुसरं कोणी नाही. मी ह्यांची डावाच्या सुरुवातींची वही काढली. पोथी वाचून अक्षरं शिकले होते, तसंच ओळीवर बोट ठेवून दिवसभर वाचलं. एका चालीपुढं ह्यांनी लिहिलं होतं, "इथं भगवंता फसतो." चुलीवर भाकर जळाली.

आता आपला चौथा डाव चालू आहे. हे पत्र त्या वहीतच राहील.

वही वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कार्डावर पुढची चाल लिहिली, आणि जे नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं, ते खाली लिहिलं.

तुमची वहिनी,
गिरजाबाई