शेळीएवढा तुडतुडा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू नकोस, माझी नोकरी जायची वेळ आली आहे. संग्रहालयासाठी मी तुडतुड्यांच्या भावकीतल्या एका किड्याची प्रतिकृती केली. मूळ किडा वाटाण्याहून लहान, माझा शेळीएवढा. त्याच्या मानेमागून एक दांडा उगवतो आणि त्याला केसाळ गोळे लटकतात. आमच्या संचालकसाहेबांना वाटलं, मी त्यांचीच टर उडवली. टकलावर उरलेल्या बटा ते तेल लावून उभ्या ठेवतात ना! गोळे उतरवा, नाहीतर राजीनामा द्या, असं बजावून गेले. किड्याला जन्मतःच असलेले गोळे मी कुठल्या तोंडानं कापू?

लोभ भरपूर आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसू नकोस असं लिहिलंस, तिथंच मी हसले. तुझे भावोजी दाढी करत होते, त्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी गाल कापून घेतला. ते म्हणतात, साहेबांशी हुज्जत घालू नकोस, सरळ जिवंत किडा पुढ्यात ठेव. मला मात्र कळत नाही, असली लोंबती झालर मी ब्लाउजला लावली तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. हा किडा ती कुणासाठी मिरवतो? राजीनामा लिहू नकोस. लिहिलाच तर मला पाठव, कपडे बेतायला कागद लागतोच.

मायेत कधी काटछाट न केलेली,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींचं ऐकलं. गोळेवाला मिळेना, म्हणून एका बागेतून त्याचे चुलतभाऊ फांदीसकट मागवले. हे हुबेहूब काट्यांसारखे दिसतात. फांदी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि किडे कुठायत म्हणून माझ्यावरच खेकसले. शिपाईकाका तर काटे छाटायला कात्री घेऊन आले. साहेबांनी वैतागून एका काट्याला बोट लावलं. काटा बाजूला सरकला. दुसऱ्याला लावलं, तो टुणकन उडाला. मग सगळेच उडाले! एक दौतीवर, एक कॉलरवर, एक थेट टकलावर ताठ उभा. काका कात्री घेऊन धावले, मीच त्यांचा हात धरला.

मान न हलवता साहेबांनी हळूच विचारलं, की त्या दुसऱ्याला गोळ्यांचा उपयोग तरी काय. मी म्हटलं, कुणी म्हणतं शत्रूला मुंगीचा भास होतो, कुणी म्हणतं बुरशीचा, पण खात्रीनं कुणालाच ठाऊक नाही. माझी नोकरी आता गेलीच, असं मी धरून चाललो होतो. साहेब म्हणाले, मग पाटीवर तेच लिहा.

काल दालन उघडलं. गोळ्यांसकट किडा उभा आहे, मीही आहे. साहेब सकाळपासून पाटीशेजारून हललेले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, छाती फुगवून सांगतात, की याबाबतीत आपल्याला काहीएक माहीत नाही.

तुम्ही दोघं या, लोभाचं तेव्हा समोरासमोर बघू.
तुझा,
धाकटा